ॲप्टली: इन्स्टॉल करणे सोपे, सहीच्या किल्ल्यांची जुळवाजुळव किचकट

डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालणारी चार-पाच यंत्रे सांभाळताना खरा त्रास बँडविड्थचा होत नाही, तर सोमवारी आणि गुरुवारी अपडेट केलेल्या यंत्रांवर एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या बसतात आणि कोणती गोष्ट कशामुळे बिघडली हे कळेनासे होते, याचा होतो. त्यासाठी स्वतःची पॅकेज रिपॉझिटरी, म्हणजे सर्व यंत्रांनी जिथून सॉफ्टवेअर घ्यायचे ते भांडार, उभारायचे ठरवून मी ॲप्टली हे त्यासाठीचे साधन निवडले.

ते गो भाषेत लिहिलेले असून डेबियनच्या भांडारातच उपलब्ध आहे; वेगळा डेटाबेस सर्व्हर लागत नसल्याने इन्स्टॉल करणे हे एका आज्ञेचे काम आहे. सगळी मांडणी जेसन स्वरूपातील एका छोट्या फाइलमध्ये करायची असते. मिरर, म्हणजे मूळ भांडाराची आपल्याकडची प्रत, तयार करतानाच फक्त एएमडी ६४ हे आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) नेमून द्यावे, अन्यथा कधीही न लागणारी पॅकेजेसही उतरू लागतात. मी पहिली आज्ञा साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून आणि दुसरी सुडो लावून, म्हणजे रूट या प्रशासकाच्या अधिकाराने, दिली, तेव्हा नुकताच बनवलेला मिरर सापडत नसल्याचे उत्तर आले. ॲप्टली मांडणीची फाइल आधी होम डिरेक्टरीत शोधते आणि न मिळाल्यास नवी बनवते, त्यामुळे रूटच्या घरात दुसरा, रिकामा संसार थाटला गेला होता. चूक माझीच होती. ॲप्टलीसाठी स्वतंत्र खाते काढून ती निस्तरली.

खरा वेळ खाल्ला तो जीपीजीच्या, म्हणजे डिजिटल सही करण्याच्या व तपासण्याच्या, किल्ल्यांनी. यंत्रावरील ॲप्टचा (डेबियनचे पॅकेजेस बसवणारे साधन) ज्या किल्ल्यांवर विश्वास असतो, त्या ॲप्टली आपणहून वापरत नाही. डेबियनच्या सार्वजनिक किल्ल्या ‘ट्रस्टेडकीज’ या किरिंगमध्ये (किल्ल्यांच्या जुडग्यात) वेगळ्या आयात कराव्या लागतात. सही तपासणे बंद करण्याची सोय आहे आणि वैतागून ती वापरण्याचा मोहही होतो, परंतु मग रिपॉझिटरी चालवण्यात अर्थ उरत नाही. शिवाय प्रकाशित करताना आपली सही लागते आणि त्या सहीची सार्वजनिक किल्ली प्रत्येक यंत्रावर पोहोचवावी लागते.

हे एकदा जमले, की ॲप्टलीसाठी घेतलेले कष्ट स्नॅपशॉट वसूल करून देतात. मिररची त्या क्षणाची स्थिती गोठवायची, चाचणीच्या यंत्रावर ती पारखायची आणि मग ‘पब्लिश स्विच’ या आज्ञेने सर्वांसाठी खुली करायची. काही बिघडल्यास जुन्या स्नॅपशॉटकडे परतताही येते. मात्र यंत्रावर आधीच बसलेली नवी आवृत्ती ॲप्ट आपणहून मागे नेत नाही, त्यासाठी पिनिंग करावे लागते, म्हणजे कोणत्या आवृत्तीला प्राधान्य द्यायचे ते ॲप्टला नेमून द्यावे लागते.

आरपीएम या वेगळ्या स्वरूपाची पॅकेजेस हाताळणाऱ्यांना याचा उपयोग नाही. रिपॉझिटरी इतर यंत्रांना पुरवणारी ‘सर्व्ह’ ही आज्ञा चाचणीपुरती ठीक आहे, नेहमीच्या वापरासाठी मी एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर पुढे ठेवला आहे. स्नॅपशॉट पुसूनही डिस्कवरची जागा का मोकळी होत नाही, हे कोडे मला बराच वेळ उलगडले नव्हते. ‘डीबी क्लीनअप’ चालवेपर्यंत त्यातील फाइली पूलमध्ये, म्हणजे ॲप्टलीच्या साठ्यात, तशाच पडून राहतात.