म्हातारं मांजर, खाज आणि मानेवर टाकायचं पिसवांचं औषध: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

आधी निकाल सांगते. फिप्रोनिल आणि एस-मेथोप्रीन असलेलं, महिन्यातून एकदा मांजराच्या मानेवर टाकायचं औषध आम्ही गेल्या जूनपासून वापरतोय. पिसवांसाठी पाचपैकी साडेचार तारे. ‘मांजर सारखं चाटतंय, यानं थांबेल का?’ या प्रश्नासाठी पाचपैकी अडीच. मधले दोन तारे कुठं गेले हे सांगण्यासाठीच एवढं लांबलचक लिहितेय, कारण दुकानात या दोन्ही गोष्टी एकच समजून पिपेट (औषधाची एका वेळेपुरती छोटी नळी) हातात ठेवतात.

आमची मांजर चिमी तेरा वर्षांची. घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं, जुनं, शहाबादी फरशीचं. मागं परडं आणि त्याला लागून शेजाऱ्यांच्या म्हशींचा गोठा. तिच्या अंगावर दोन जागा खराब झाल्या होत्या. शेपटीच्या बुडाशी बाजरीच्या दाण्याएवढ्या खपल्या, हात फिरवला की बोटाला टोचायच्या. आणि डाव्या खुब्यावर तळहाताएवढा उघडा पट्टा, त्यावर ना खपली ना लाली, एकदम गुळगुळीत. हा फरक लक्षात ठेवा.

‘आमच्या मांजराला पिसवाच नाहीत’ असं सगळेच म्हणतात. मांजर अंग चाटताना पिसवा गिळून टाकतं, त्यामुळं दिसायला काही उरत नाही. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असेल तर दोन-चार चावेही पुरतात. म्हणून पिसू शोधू नका, तिची घाण शोधा. उवांची दाट फणी घ्या, शेपटीच्या बुडापासून उलटी फिरवा आणि फणीत आलेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका. धूळ असेल तर काळीच राहते. पिसवांची घाण असेल तर प्रत्येक कणाभोवती हळूहळू विटकरी रंगाचं कडं पसरतं, कारण ते पचलेलं रक्त असतं. चिमीच्या टिश्यूवर अशी कडी उमटली आणि पिपेट घ्यायचं ठरलं.

वापर सोपा आहे. मानेवर, डोक्याच्या अगदी खाली, जिथं जीभ पोचत नाही तिथं केस दोन्हीकडं सारून औषध थेट कातडीवर सोडायचं. केसांवर सोडलं तर वाया. आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. ती जागा दिवसभर ओशट दिसते. फिप्रोनिल कातडीतल्या तेलग्रंथींत साठतं आणि तिथून महिनाभर पुरतं. एस-मेथोप्रीन अंडी आणि अळ्या वाढू देत नाही. घरात बोका असेल, दुसरी मांजरं असतील, तर सगळ्यांना टाकायचं, नाहीतर पैसे पाण्यात.

पहिल्या महिन्यात पिसवा वाढल्यासारख्या वाटल्या. नेटवरचे निम्मे एक तारेवाले इथंच थांबलेले असतात. अंड्यातून निघालेली अळी फरशीच्या फटीत, गोधडीच्या शिवणीत कोष करते. कोषातल्या पिसवेला कुठलंही औषध धड लागत नाही आणि ती तिथं महिनोन् महिने दबा धरून बसू शकते. माणसाच्या चालण्याचा हादरा लागला, ऊब मिळाली की बाहेर पडते. हा साठा संपेपर्यंत, म्हणजे निदान तीन महिने, औषध न चुकवता चालू ठेवावं लागतं. सोबत फटींतून व्हॅक्यूम आणि अंथरूण कडक गरम पाण्यात. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तर पिसवांची चंगळच, आणि थंडीही काही त्या मरतील अशी पडत नाही.

इथं एक गोष्ट ठणकावून सांगायलाच हवी. शेजारच्या मामांनी मायेनं विचारलं होतं, “गोठ्यात मारायचं औषध देऊ का वाईच? म्हशीला चालतंय, मांजराला काय हुतंय!” होतं. कुत्र्यांच्या काही पिपेटमध्ये पर्मेथ्रिन असतं, ते मांजराला थरथर आणि झटके आणून मारू शकतं. गोठ्यातल्या फवाऱ्यांतली औषधंही त्याच जातकुळीची असू शकतात. पाकिटावर मांजराचं नाव आणि वजन छापलेलं नसेल तर ते घरातही आणू नका. कापूर, फिनेल, निलगिरीचं तेल हे घरगुती उपायही मांजरासाठी विषच.

गणपतीपर्यंत खपल्या गळाल्या. दसऱ्याला शेपटीच्या बुडाशी नवीन लव आली, टिश्यू कोरा राहू लागला. साडेचार तारे इथले. खुब्याचा पट्टा मात्र जसाच्या तसा. चिमी तिथं रोज तासन् तास चाटत बसायची, जिभेचा खरखर आवाज टीव्ही चालू असतानाही ऐकू यायचा.

एका दवाखान्यात बघितल्या बघितल्या स्टेरॉइडचं दीर्घ मुदतीचं इंजेक्शन काढलं. मी नको म्हटलं. स्टेरॉइडला योग्य जागा आहेच, पण ते खाजेचं कुठलंही कारण काही काळ झाकतं, आणि मांजरात मधुमेह उपटण्याचा धोका असतो. तेरा वर्षांच्या जिवाला कारण न शोधता ते टोचणं मला पटलं नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी पट्ट्याच्या कडेचे चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि मलाही बघायला लावलं. टोकं निमुळती नव्हती, झाडूच्या काड्या मोडाव्यात तशी तुटलेली होती. म्हणजे केस गळत नव्हते, ती स्वतःच चाटून तोडत होती. कातडी खरवडून खरजेचे किडे बघितले, नायट्यासाठी बुरशीची तपासणी केली. (मांजराचा नायटा माणसांना लागतो, घरात लहान मूल असेल तर ही तपासणी टाळू नका.) दोन्ही साफ.

मग त्यांनी जे सांगितलं त्यानं माझा सगळा विचारच फिरला. धुळीची, परागांची ॲलर्जी बहुतेक मांजरांत तरुणपणीच सुरू होते. दहा वर्षांनंतर पहिल्यांदाच चाटणं सुरू झालं तर कातडीच्या आतही बघावं लागतं. खाणं वाढलंय पण वजन उतरतंय, केस विस्कटलेत, तर थायरॉइड ग्रंथी जास्त चालत असेल. फक्त खालचं पोट चाटून उघडं केलंय, लघवीला सारखं बसतंय, तर मूत्राशयाचं दुखणं. पोट उघडं पडून काचेसारखं चकाकतंय आणि मांजर खंगत चाललंय, तर आतल्या गाठीची शंका. चिमीचं रक्त, थायरॉइडचं टी-४, लघवी, सगळं ठीक आलं.

अन्नाची ॲलर्जीही बघून झाली. त्यासाठी रक्ताची तपासणी भरवशाची नाही. निदान आठ आठवडे एकच ठरावीक खाद्य, दुसरं काहीही नाही, हाच मार्ग. आम्ही हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं, म्हणजे ॲलर्जी उठू नये म्हणून प्रथिनं बारीक तोडलेलं खाद्य आणलं. महाग आहे, आणि चिमीनं पहिले काही दिवस त्याच्याकडं पाठ करून निषेध नोंदवला. पण खरी अडचण माणसांची. आमचे आबा गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जातात आणि किटलीतून चिमीचा वाटा आणतात. तो बंद केल्यावर घरात जे वातावरण झालं ते विचारू नका. रविवारी पांढऱ्या रश्श्यातलं हाडही बंद. ते तसंही वाईटच, कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात. आठ आठवडे संपले, पट्ट्यात काडीचा फरक नाही. आबा जिंकले, दूध परत सुरू.

तोवर पाहुण्यांनी निदान करून टाकलं होतं: टेन्शन. शेजारी बांधकाम चालू होतं ना, म्हणून. ताणामुळं मांजरं चाटतात हे खरं, पण ते सगळ्यात शेवटी धरायचं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘मानसिक’ असा शिक्का बसलेली २१ मांजरं नीट तपासली, तर १६ जणांत शारीरिक कारण निघालं. निव्वळ मानसिक फक्त २.

डॉक्टरांनी चिमीचे व्हिडिओ काढून आणायला सांगितले. फोनवर बघताना दिसलं की जिना चढताना ती मागचे दोन्ही पाय एकदम उचलते, सशासारखे. खिडकीवर एका उडीत जायची ती आता आधी खुर्चीवर थांबते. एक्स-रेत डाव्या खुब्याचा सांधा झिजलेला निघाला. बारा वर्षांवरच्या मांजरांचे एक्स-रे काढले तर दहातल्या नऊ जणांत कुठंतरी सांध्याची झीज दिसते, पण मांजर लंगडत नाही की ओरडत नाही. दुखतं तिथं चाटतं.

किडनी तपासून दुखण्याचं औषध कमीत कमी मात्रेत सुरू केलं. (घरातली पॅरासिटामॉल चुकूनही नको, मांजराला अर्धी गोळीही जीवघेणी ठरते.) खिडकीखाली पाट ठेवला, तिच्या शी-शूच्या ट्रेची एक कड कापून खाली केली. चाटणं पंधरवड्यातच उतरलं. आता पट्ट्यावर आखूड, करडे केस आलेत. मूळच्या काळ्यात ते वेगळे दिसतात, पण आहेत.

पिपेट अजून चालू आहे आणि बाराही महिने राहील. एका पिपेटला साधारण एका मटण ताटाएवढे पैसे जातात, ते मला जड वाटत नाही. तक्रार दोनच. टोपण मोडताना पहिला थेंब हमखास बोटावर सांडतो, आणि आतला कागद एवढ्या बारीक अक्षरात आहे की आबांचं भिंग लागतं. खपल्या असतील आणि टिश्यूवर विटकरी कडी उमटत असतील तर डोळे झाकून घ्या. एकाच सांध्यावरचे केस गेलेत आणि कातडी गुळगुळीत आहे, तर आधी एक्स-रे काढा.