सासूबाईंसाठी बघितलेलं मुलुंडचं केअर सेंटर
रिसेप्शन चकाचक, एसी बिसी, पण ते बघून ठरवू नका, संध्याकाळी जा. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) पेशंटची घालमेल बऱ्याचदा तेव्हाच वाढते, ‘मला घरी सोडा’ सुरू होतं आणि स्टाफचा खरा कस लागतो. इथे एक मावशी एका आजोबांना ‘चला आधी चहा घेऊ मग स्टेशनला जाऊ’ म्हणत पॅसेजमध्ये फिरवत होत्या, वाद नाही की दटावणं नाही, मला ते फार आवडलं. बाथरूमला धरायला दांडे आहेत, जेवण मऊ वरणभात, ठीक.

खटकलं ते रात्रीचं. अख्ख्या मजल्याला एकच आया, आणि ‘त्रास दिला तर शांत राहायची गोळी देतो’ असं मॅनेजर इतक्या सहज बोलला! अहो, डिमेन्शिया असलेल्या म्हाताऱ्या माणसांना अँटिसायकोटिक (मनोविकारावरच्या, शांत करायला बऱ्याचदा देतात त्या) गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २००५ मध्येच तशी वॉर्निंग दिलीय. कोण लिहून देतं, घरच्यांना विचारणार का, तर नुसती टाळाटाळ. म्हणून आमच्याकडून नाहीच, दिवसापुरतं ठेवायला चालेल एकवेळ.

आणि हो, डायपर, फिजिओ, डॉक्टर व्हिजिट सगळं पॅकेजच्या बाहेर, जाणार असाल तर आधी लेखी मागा.