पोकलेन घेताना आधी प्लेटा मोजा

जुनं पोकलेन बघायला निघालात तर खिशात खडू ठेवा. खरं तर एवढंच सांगायचंय, बाकी सगळं माझं रडगाणं. पण ते ऐकल्याशिवाय खडू कशाला लागतो ते कळणार नाही.

मी जत तालुक्यातला. घरचं डाळिंब आहे आणि जोडीला एक जेसीबी. 2017 ला सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली तेव्हापासून उन्हाळ्यात तलावांची कामं करतोय. जेसीबीने तलावातला गाळ काढायचा म्हणजे वाटीने रांजण उपसायचा. त्यामुळे 2023 च्या उन्हाळ्याआधी 20 टनी पोकलेन घ्यायचंच असं ठरवलं. नवीन आपल्या आवाक्यातलं नव्हतं. ओळखीतल्या एकाने पुण्याजवळच्या, जुन्या मशिनी विकणाऱ्या एका यार्डाचा पत्ता दिला. यार्डाचं नाव लिहीत नाही. यार्डं बदलतात, युक्त्या त्याच असतात.

मशीन 2014 चं, मीटरवर 8,900 तास. इंजिनाचा आवाज एकसारखा, धूर नाही, बूमच्या सिलेंडरला तेलाचा थेंब नाही. हायड्रोलिक खरोखर चांगलं होतं, आजही आहे. म्हणूनच फसलो. वरची बाजू चांगली निघाली की खालची तपासायला माणूस आळस करतो.

तसं खालचं मी अगदीच बघितलं नाही असं नाही. माझ्या मामांनी तरुणपणी एल अँड टीच्या जुन्या पोक्लेनवर हेल्परकी केलेली. (पोक्लेन ही मुळात फ्रान्सची कंपनी. तिच्या नावावरून आपण आज कुठल्याही कंपनीच्या मशीनला पोकलेन म्हणतो.) मामांनी एक खूण शिकवली होती : ‘चेन बघू नको, आयडलर बघ.’ चेन म्हणजे मशीन ज्यावर चालते तो दोन्ही बाजूंचा कड्यांचा पट्टा, त्यावर लोखंडी प्लेटा बोल्टने बसवलेल्या असतात. आयडलर म्हणजे चेनच्या पुढच्या टोकाचं मोठं चाक. चेन झिजून सैल झाली की मागच्या सिलेंडरमध्ये ग्रीस भरून हे चाक पुढे ढकलतात आणि चेन ताणतात. चाक खाचेत पार पुढे जाऊन बसलेलं असेल तर चेनचं आयुष्य संपत आलं असं समजायचं.

मी वाकून बघितलं. आयडलर चांगला आत होता, ग्रीस भरायला भरपूर जागा शिल्लक. चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ. खालचे रोलर, म्हणजे चेनवर टेकून मशीनचा भार घेणारी छोटी चाकं, काळ्या रंगात चकाचक. मनातल्या मनात मामांना नमस्कार केला आणि यार्डाच्या शेठला म्हटलं, भाव बोला.

दोन गोष्टी तेव्हा डोळ्यांसमोर होत्या, पण अर्थ लागला नाही. एका प्लेटचे चारही बोल्ट नवे होते. मला वाटलं, मालकाने निगा राखलीय. दुसरी गोष्ट, शेठच्या माणसाने मशीन यार्डात सरळ पुढे नेली आणि सरळ मागे आणली. मी म्हटलं, जागेवर गर्रकन फिरवून दाखवा. तर म्हणाला, ‘काँक्रीट उखडतं ओ भाऊ, शेठ ओरडतील.’ पटलं मला! 24 लाखांचा सौदा आणि मी त्यांच्या काँक्रीटची काळजी करत उभा.

वर मुहूर्ताची घाई. ‘परवा पाडवा आहे, दारात मशीन पूजा. नाहीतर सोलापूरची पार्टी उद्या टोकन देतीय.’ सोलापूरची ती पार्टी गेली कित्येक वर्षं उद्या टोकन देत असणार. 22 मार्चला पाडवा होता. आदल्या रात्री ट्रेलरवरून मशीन उतरली, आईने बकेटला हळद-कुंकू लावलं, नारळ फुटला.

पहिला महिना शेततळ्यांची कामं झाली. कोरडा मुरूम, सपाट रान, काही त्रास नाही. मे महिन्यात पाझर तलावात उतरलो आणि चौथ्या दिवशी ऑपरेटरचा फोन : ‘मालक, डावी चेन उतरली.’

चेन उतरणं ही काही जगबुडी नाही. गाळात काम करताना कधीतरी होतं. चिकट गाळ स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या मागच्या दातेरी चाकाच्या, दात्यांत आणि चेनमध्ये थापला जातो, त्यात एखादा दगड अडकला की चेन दातांवरून उचलली जाते, आणि तेवढ्यात मशीन वळवली की बाजूला घसरते. आम्ही बकेट टेकवून ती बाजू उचलली, ग्रीस सोडलं, पहारीने चेन आयडलरवर चढवली आणि ट्रॅव्हल मोटर, म्हणजे चेन चालवणारी मोटर, हळूहळू फिरवून जागेवर आणली. साडेतीन तास गेले. ग्रीस सोडताना आमचा पोरगेला हेल्पर व्हॉल्व्हच्या अगदी समोर तोंड करून बसला होता. ऑपरेटरने त्याला कॉलर धरून मागे ओढला. त्या सिलेंडरमध्ये ग्रीस इतक्या दाबाने कोंडलेलं असतं की व्हॉल्व्ह एका फेऱ्यापेक्षा जास्त सैल केला तर तो गोळीसारखा बाहेर येतो आणि ग्रीस कातडीतून आत घुसतं. बाजूला बसायचं आणि जराजरा सैल करायचं. हे तरी फुकटात शिका.

पुढच्या नऊ दिवसांत चेन आणखी चार वेळा उतरली, तीनदा डावी आणि एकदा उजवी. गाळ न्यायला आलेले शेतकरी ट्रॅक्टर लावून बसायचे आणि मी त्यांना चहा पाजायचो. प्रत्येक वेळी मी एकच उपाय केला : चेन आणखी ताणली. सैल असली की उतरते, हे कुणालाही कळतं. पण झिजलेली चेन ताणली की पिना आणखी झिजतात, रोलरवर भार येतो आणि मोटरवरही जोर पडतो. गाळ आत थापला गेला की ती आपोआपच आणखी ताणते. गाळातल्या कामात उलट चेन जरा सैल ठेवायला हवी. आमच्या मशीनच्या पुस्तकात आकडा दिलाय : बाजू उचलल्यावर फ्रेमच्या खालच्या कडेपासून मधल्या लोंबत्या प्लेटपर्यंत 300 ते 335 मिलिमीटर. मी पुस्तक उघडलंच नव्हतं. माझ्या चेनमध्ये पंजासुद्धा शिरत नव्हता.

पाचव्यांदा उतरली तेव्हा मिरजेहून मिस्त्री बोलावला. साठीचा माणूस. त्याने ना इंजिन तपासलं ना पाना काढला. खिशातून खडू काढला, एका प्लेटवर रेघ ओढली आणि ऑपरेटरला म्हणाला, फिरव हळूहळू. बाजू उचललेली होती. रेघ पुन्हा समोर येईपर्यंत तो पुटपुटत मोजत राहिला. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेच.

‘भाऊ, दोन्हीकडं 48 भरल्या. या मॉडेलला 49 असत्यात.’

मला काही कळेना. प्लेट हरवेल कशी?

त्याने टेप काढला. चेनचे चार सांधे एकत्र मोजले, भागिले चार. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत नव्या चेनचं अंतर 190 मिलिमीटर, माझ्या चेनचं भरलं 194. चेनची कडी लांबत नाही, पिन आणि तिच्यावरची नळी, म्हणजे बुश, आतून घासले जाऊन प्रत्येक सांधा ढिला होतो. चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण 49 ने गुणा. 196 मिलिमीटर. म्हणजे अख्ख्या एका कडीपेक्षा थोडं जास्तच.

इथेच सगळी गोम होती. या चेनचा आयडलर पार टोकाला गेलेला असणार. तेव्हा कुणीतरी मास्टर पिन, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी पिन, काढून एक कडी आणि तिच्यावरची प्लेट कमी केली आणि चेन परत जोडली. एका प्लेटचे ते चार नवे बोल्ट त्याचेच. चेन आखूड झाली, आयडलर पुन्हा आत सरकला. मामांची खूण बघणारा कुणीही आला तरी त्याला नव्यासारखी चेन दिसणार. त्या शेठने मामांना कधी पाहिलं नव्हतं, पण मामांसारख्यांना तो पुरता ओळखून होता.

कडी काढली तरी उरलेल्या 48 सांध्यांची झीज जागेवरच राहते. स्प्रॉकेटचे दात 190 च्या हिशोबाचे आणि चेन 194 ची, मग बुश दाताच्या बुडाशी न बसता वर चढतो. मिस्त्रीने स्प्रॉकेटवरचा रंग पॉलिश पेपरने घासला. खाली वेल्डिंगच्या लहरी दिसल्या. टोकदार झालेले दात वेल्डिंगने भरून, ग्राइंडर मारून गुबगुबीत केले होते. बॉटम रोलरच्या कडा, ज्यांनी चेनला दोन्ही बाजूंनी धरून ठेवायचं, त्या पुढच्या तीन रोलरना बोटाच्या नखाएवढ्या उरलेल्या. डावीकडचा एक रोलर फिरतच नव्हता, चेन त्याच्यावरून नुसती घासत होती आणि तो एका बाजूने सपाट झालेला. काळा रंग त्याच्यासाठी होता. चेन बाजूला घसरू नये म्हणून फ्रेमला जे मधले गार्ड असतात, त्यांतलं डावीकडचं नव्हतंच. बोल्टची भोकं पुट्टीने बुजवलेली. यार्डात मशीन जागेवर का फिरवली नाही तेही तेव्हा कळलं.

शेठला फोन केला. फार गोड बोलला. ‘भाऊ, मशीन जुनी आहे, जुन्यासारखीच वागणार. बिलावर लिहिलंय की, जशी आहे तशी.’ बिल काढून बघितलं, खरंच लिहिलं होतं, शिक्क्याच्या खाली.

सांगलीच्या वकिलांनी सांगितलं की नुसतं गप्प बसणं वेगळं आणि दोष मुद्दाम झाकणं वेगळं. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 17 मध्ये झाकणं हे फसवणुकीत मोडतं. पण कडी शेठनेच काढली, आधीच्या मालकाने नाही, हे दाखवायचं कसं? ग्राहक आयोगाकडे जायचं म्हटलं तर तिथे धंद्यासाठी घेतलेली वस्तू बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतली असेल तर सवलत आहे, पण माझ्याकडे आधीच जेसीबी आणि पगारी ऑपरेटर. नोटीस पाठवली. दोन महिन्यांनी त्याने 60 हजार देऊ केले, पुढे तक्रार नाही अशी सही घेऊन. घेतले. हप्ता डोक्यावर होता, उगाच शूरपणा सांगत नाही.

पाऊस पडेपर्यंत तलावाचं काम संपवायचं होतं आणि नव्या चेनचे पैसे कामातूनच यायचे होते. तेव्हा तीन आठवडे ती खिळखिळी मशीन कशी ओढली तेही सांगतो, कुणाला अडीनडीला उपयोगी पडेल. न फिरणारा रोलर बदलला. झिजलेल्या कडांचे तीन रोलर पुढून काढून मधल्या जागी टाकले आणि मधले बरे पुढे आणले. डावीकडचं गार्ड नवीन करून बसवलं. चेन पुस्तकाप्रमाणे सैल केली. दुपारी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा, बाजू उचलून चेन मागेपुढे फिरवायची आणि फावड्याने गाळ खरवडायचा, हा नेमच केला. जागेवर फिरवणं बंद. वळायचं तर थोडं पुढे, थोडं वळण, थोडं मागे. आडव्या उतारावर चालवायची नाही, चढायचं तर सरळ. लांब जायचं तर आयडलर पुढे आणि स्प्रॉकेट मागे. ऑपरेटर बरेचदा वरचा भाग फिरवून उलटंच चालवतात आणि त्यांच्या लक्षातही येत नाही. या तीन आठवड्यांत चेन एकदाच उतरली, तीही वळवाच्या पहिल्या पावसात आम्ही पळापळ करून मशीन बाहेर काढताना.

एका गॅरेजवाल्याने मधेच आणखी एक कडी काढून देतो म्हटलं होतं, आठ हजारांत. ‘बघणाऱ्याला कळत नाही, विकूनच टाका.’ बायको म्हणाली, विकू नका. खरं सांगायचं तर एक रात्र मी विचार केला होता.

जूनमध्ये खालचं सगळं नवीन टाकलं. दोन्ही चेन 2 लाख 60 हजार, 16 बॉटम रोलर 1 लाख 36 हजार, आयडलर, स्प्रॉकेट, टॉप रोलर, बोल्ट, मजुरी धरून पावणेसहा लाख. प्लेटा जुन्याच वापरल्या, त्या अजून चालण्यासारख्या होत्या. फक्त दोन कमी पडल्या. एकेका बाजूला एकेक.

त्या दोन नव्या घेतल्या. त्यांचे कंगोरे बाकीच्यांपेक्षा उंच आहेत, त्यामुळे ओल्या गाळातून मशीन गेली की मागे दर सव्वानऊ मीटरला एक रेघ खोल उमटते.