पाळणाघर की घरी येणाऱ्या ताई: आजारपणाच्या दिवसांपासून सुरू केलेली तुलना

आईची रजा संपते, मदतीला आलेली आजी सांगलीला परत निघते आणि नऊ-दहा महिन्यांच्या बाळाला दिवसभर कोण सांभाळणार, हा प्रश्न नवी मुंबईतल्या नोकरदार घरात उभा राहतो. पाळणाघर की सांभाळायला घरी येणाऱ्या ताई, याची चर्चा सोसायटीच्या बागेत रोज होते. मात्र ती बहुधा पैसे, वेळा आणि विश्वास यांच्यापुढे जात नाही. आम्ही घणसोलीत राहतो, मी ऐरोलीत आणि पत्नी ठाण्यात नोकरी करते. मुलगा नऊ महिन्यांचा असल्यापासून वीस महिन्यांचा होईपर्यंत ताई घरी येत होत्या आणि त्यानंतर गेले वर्षभर तो पाळणाघरात जातो. या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे की ही तुलना मुलाच्या आजारपणाच्या दिवसांपासून सुरू करायला हवी. ठणठणीत मूल कुठेही रमते. नाक गळणारे, अंगात कणकण असलेले, कडेवरून खाली उतरायला तयार नसलेले मूल कोणाच्या हाती आहे, यावर घरातल्या दोघांची नोकरी आणि मनःशांती अवलंबून असते.

असे दिवस वर्षात किती येतात याचा अंदाज पहिलटकर आईबापांना नसतो, आम्हालाही नव्हता. दोन वर्षांच्या आसपासच्या मुलाला वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी होणे ही सर्वसाधारण गोष्ट मानली जाते आणि मूल पाळणाघरात जात असेल तर हा आकडा दहा-बारापर्यंत जाऊ शकतो. एक सर्दी सात ते दहा दिवस चालते, खोकला त्याहून अधिक काळ रेंगाळतो. म्हणजे घरी राहणाऱ्या मुलाचेही वर्षातले दोन-अडीच महिने शेंबूड पुसण्यात जातात. त्यातला बराच भाग जून ते सप्टेंबर या काळात येतो, कारण पावसाळ्यात खिडक्या बंद राहतात, कपडे वाळत नाहीत आणि मुले एकाच खोलीत कोंडली जातात. हे ध्यानात घेतले तर ‘आपल्या मुलाची प्रतिकारशक्तीच कमी आहे का’ ही धास्ती बरीचशी ओसरते.

मूल कुठे कमी आजारी पडते, एवढेच विचाराल तर उत्तर सरळ आहे: घरी. ताई येत होत्या त्या अकरा महिन्यांत मुलाला चार वेळा सर्दी आणि एकदा जुलाब झाले. पाळणाघरात घातल्यानंतरच्या पहिल्या पाच महिन्यांत मात्र एक दुखणे संपायच्या आत दुसरे सुरू झाले. ऑगस्टमध्ये हात, पाय आणि तोंडावर फोड येणारा विषाणूचा आजार झाला. डॉक्टर त्याला ‘हँड-फूट-माउथ’ म्हणतात आणि ठाणे-नवी मुंबईच्या पाळणाघरांत पावसाळ्यात तो हमखास फिरतो. तोंडात फोड आल्यामुळे मुलाने चार दिवस गार दहीभात आणि भाताची पेज यांखेरीज काहीही घेतले नाही. आजार आठवडाभरात गेला, पण पुढे महिन्याभराने त्याच्या दोन्ही अंगठ्यांची नखे मुळापासून सुटून आली. अंघोळ घालताना ते पांढरे, सैल झालेले नख बघून पत्नी घाबरली. या आजारानंतर असे होऊ शकते आणि खालून नवे नख येते, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर आमच्या जिवात जीव आला.

तरीही केवळ या कारणासाठी पाळणाघर नाकारू नये. हे विषाणू मुलाला कधी ना कधी भेटणारच असतात. जी मुले लवकर पाळणाघरात जातात त्यांची बरीच दुखणी तेव्हाच होऊन जातात, आणि जी घरी वाढतात त्यांना ती नर्सरीच्या पहिल्या वर्षात गाठतात. फरक वयाचा आहे आणि तो महत्त्वाचा आहे. आठ महिन्यांच्या बाळाच्या श्वासनलिका अरुंद असतात, त्यामुळे साध्या सर्दीतही त्याला दम लागू शकतो. दोन वर्षांचे मूल तीच सर्दी खेळत-खेळत काढते, शिवाय कुठे दुखते ते बोटाने दाखवते. म्हणून एक ते दीड वर्षापर्यंत घर आणि त्यानंतर पाळणाघर, असा क्रम शक्य असेल त्यांनी तो धरावा असे मला वाटते. मूल मुदतीआधी जन्मलेले असेल किंवा त्याला वारंवार धाप लागत असेल, तर घरचा काळ आणखी वाढवावा.

दुसरा मुद्दा रजेचा, आणि इथे हिशेब गुंतागुंतीचा होतो. ताप असलेल्या मुलाला पाळणाघर घेत नाही, आणि ते योग्यच आहे. औषध न देता चोवीस तास ताप आलेला नसावा आणि जुलाब-उलट्या थांबून एक-दोन दिवस झालेले असावेत, असा नियम चांगली पाळणाघरे पाळतात. नुसते नाक वाहते म्हणून मात्र ती मुलाला परत पाठवत नाहीत. तसे केले तर पावसाळ्यात एकही मूल उरणार नाही. या नियमामुळे मुलाच्या प्रत्येक तापाला आम्हा दोघांपैकी एकाची दोन-तीन दिवसांची रजा जात असे. ताई होत्या तेव्हा साध्या तापासाठी रजा घ्यावी लागत नसे. मूल आपल्याच पलंगावर झोपलेले असे आणि मऊ भात वेळेवर मिळत असे. पण ताईंच्या स्वतःच्या अडचणींचे काय? त्यांना ताप येई, त्यांच्या मुलाची शाळा असे, गणपतीत आणि शिमग्याला त्या गावी जात, आणि अशा दिवशी सकाळी साडेसातला फोन आला की आमच्यापाशी दुसरा मार्ग नसे. आम्ही दोन्ही वर्षांच्या रजा मोजल्या तेव्हा त्या जवळपास सारख्या निघाल्या. पाळणाघराच्या वर्षातल्या रजा मुलाच्या दुखण्यांनी घेतल्या होत्या, ताईंच्या वर्षातल्या ताईंच्या अडचणींनी.

तिसरा मुद्दा मला सर्वांत कळीचा वाटतो. आजारी मुलाकडे लक्ष कोण देतो आणि औषध कोण, कसे देतो? याबाबतीत आमच्या घरात घडलेला एक प्रकार सांगतो. मूल तेव्हा अकरा किलोचे होते. पॅरासिटामॉलचा डोस मुलाच्या वयावर नाही, वजनावर ठरतो. किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम, म्हणजे त्याला एका वेळी सुमारे १६५ मिलिग्रॅम. बाजारात हे सिरप दोन ताकदींत मिळते: ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. आमच्या कपाटात दोन्ही बाटल्या शेजारीशेजारी होत्या. रंग सारखाच, खोकेही सारखेच. ताईंना मी ‘साडेसहा एमएल द्या’ असे फोनवर सांगितले ते पहिल्या बाटलीच्या हिशेबाने, आणि त्यांनी दिले ते दुसऱ्या बाटलीतून. मुलाला जवळजवळ दुप्पट औषध गेले. संध्याकाळी बाटलीतली पातळी पाहिल्यावर ते माझ्या लक्षात आले. डॉक्टरांनी फोनवर सगळे विचारून घेतले, एका वेळच्या एवढ्या डोसाने अपाय होण्याची शक्यता नाही असे सांगितले आणि पुढचे डोस थांबवायला लावले. ती रात्र आम्ही दोघांनी जागून काढली. चूक ताईंची नव्हती. औषधाचे नाव, ताकद, मात्रा आणि दिल्याची वेळ लिहिलेला कागद आम्ही त्यांच्यापुढे कधी ठेवलाच नव्हता.

पाळणाघरात हीच गोष्ट वेगळ्या रीतीने होते. आमच्या पाळणाघरात दाराशी एक जाड वही आहे. औषध देण्यासाठी पालकाने त्यात स्वतःच्या हाताने नाव, मात्रा आणि वेळ लिहून सही करायची, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दाखवायचा आणि औषध दिल्यावर तिथल्या काकूंनी समोर वेळ टाकायची. तोंडी सांगितलेले औषध त्या देत नाहीत. पहिल्या आठवड्यात मला हा ताठरपणा वाटला होता. जुलैमधल्या एका दुपारी मला फोन आला तेव्हा काकूंनी ‘अंग गरम लागतंय’ एवढेच सांगितले नाही. ‘दोन वाजता १०१.४ होता, कपडे कमी केले, पाणी पाजले, सू झाली आहे, खेळत नाही पण ओळखतो आहे’ असे सांगितले. ऐरोलीहून घणसोली म्हणजे लोकलने दोन स्थानके. ती काही मिनिटे मी शांतपणे काढू शकलो ते या पाच गोष्टींमुळे.

मात्र सगळीच पाळणाघरे अशी नसतात. केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे किमान एक कर्मचारी असावी असे म्हटले आहे. दहा हीसुद्धा माझ्या मते फार मोठी संख्या आहे. त्यातली दोन मुले आजारी पडू लागली तर उरलेल्या आठांकडे कोण पाहणार? आम्ही पाच पाळणाघरे पाहिली आणि त्यांतली तीन केवळ माणसे कमी म्हणून सोडली. घरी येणाऱ्या ताईंचे सारे लक्ष एकाच मुलावर असते, हा लाभ कोणतेही पाळणाघर देऊ शकत नाही. दुसऱ्या बाजूने, घरात त्या एकट्या असतात आणि शंका आली तर विचारायला शेजारी दुसरे कोणी नसते.

म्हणून ज्या घरी ताईच ठेवायच्या आहेत, त्यांनी त्यांना दोन गोष्टी शिकवाव्यात. पहिली, श्वास मोजणे. मूल शांत असताना पोट किती वेळा वरखाली होते ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचे. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा त्याहून अधिक, आणि दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळात ५० किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, आकडी आली असेल किंवा मूल हाक मारूनही डोळे उघडत नसेल, तर आधी रिक्षा पकडायची आणि फोन वाटेत करायचा. दुसरी गोष्ट जुलाबांसाठी. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवायची, कारण काही पुड्या एक लिटरच्या आणि काही २०० मिलिलिटरच्या असतात. दुकानातली गोड पेये त्या जागी चालत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाईच केली आहे. डॉक्टरांनी दिलेले झिंक जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करायचे असते. घरात हेच सर्वांत आधी विसरले जाते.

घरगुती उपायांबाबत घर आणि पाळणाघर यांत मोठा फरक पडतो. प्रेमापोटी ताई किंवा आजी जायफळ उगाळून चाटवतात, कापूर घातलेले तेल छातीला चोळतात, ओव्याची गरम पुरचुंडी शेकायला घेतात. कापूर लहान मुलाच्या नाकाजवळ किंवा अंगावर लावू नये, त्याने आकडी येऊ शकते. जायफळाने मूल गुंगते आणि ती गुंगी आजाराची की जायफळाची हे कळत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. खोकल्याच्या सिरपबद्दलही हीच काळजी घ्यावी: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावले आहे. पाळणाघर चिठ्ठीशिवाय काहीच देत नसल्याने हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. घरी तो वडीलधाऱ्यांचा मान राखून, पण स्पष्ट बोलून सोडवावा लागतो.

पैशांबद्दल थोडक्यात: आम्ही ताईंना महिन्याला १६,००० रुपये देत होतो आणि पाळणाघराला ९,००० देतो, पण डॉक्टर आणि औषधे यांवरचा खर्च पहिल्या पाच महिन्यांत इतका वाढला की त्या काळात बचत नावापुरतीच उरली. कार्यालयातले पाळणाघर हा तिसरा पर्याय काहींना मिळतो. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, ही अट २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आली. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता येते ही त्यातली मोलाची तरतूद आहे. पण तापाच्या दिवशी तेही मुलाला घेत नाही, आणि गर्दीच्या वेळी मुलाला घेऊन ठाणे-नवी मुंबई ट्रान्सहार्बर लोकलच्या डब्यात चढणे सोपे नाही.

दीड वर्षाच्या पुढच्या, एरवी निरोगी मुलासाठी मी आज पाळणाघरच निवडेन, पण दोन अटींवर. मुलाच्या लसी, वर्षाला घ्यायच्या फ्लूच्या लसीसह, वेळेवर झालेल्या असाव्यात. आणि तापाच्या दिवसासाठी एक माणूस आधीपासून ठरलेले असावे. आमच्याकडे त्याच ताई आता अशा दिवसांपुरत्या येतात. त्यांना दिवसाचे पैसे ठरवून दिले आहेत आणि मुलालाही त्यांची सवय आहे. पावसाळ्यात ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही तर मात्र आमच्यापैकी एक जण घरी थांबतो, कारण डेंग्यू-मलेरियाची तपासणी करायला मुलाला नेणे हे दुसऱ्या कोणावर सोपवण्याचे काम नाही.

पाळणाघर पाहायला जाल तेव्हा रविवारी सजवलेल्या वेळेत जाऊ नका. जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या सोमवारी दुपारी चारला जा, मुले झोपेतून उठत असतात त्या वेळी. नाक पुसायला प्रत्येकाचा वेगळा रुमाल आहे का, डायपर बदलल्यावर काकू साबणाने हात धुतात का, हे उभे राहून पाहा आणि औषधांची वही मागून तिची मागच्या आठवड्याची पाने उलटा.