सावंतवाडीचा फणसाचा दिवा : लाकूडकाम अव्वल, वायरिंग नापास

भोसरीतल्या कारखान्यात बत्तीस वर्षं लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर काढली, पण लोखंडाच्या. त्यामुळे लाकडाचा टेबल लॅम्प घेताना मी शेडचा रंग बघितलाच नाही, आधी उलटा करून बूड बघितलं. सौ. म्हणाली, दिवा घेताय की बेअरिंग?

सावंतवाडीत मोती तलावाजवळ उतरलो होतो, तिथून चितार आळी चालत. पुढे लाकडी फळांच्या परड्या, मागे मोटरचा आवाज. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे. तिथली फळंखेळणी हलक्या पांगाऱ्याच्या लाकडाची म्हणून नावाजलेली, पण दिव्याला वजन हवं. हा फणसाचा निघाला. उंची १४ इंच, शेडसकट १,८५० रुपये.

कारागिरानं मागे नेऊन दुसऱ्या दिव्याचं काम दाखवलं. आमच्याकडे हत्यार टूलपोस्टमध्ये आवळलेलं असतं, चाक फिरवलं की मोजून पुढे सरकतं. इथे सगळं मनगटावर. गोल पटाशी टेकूवर ठेवून त्यानं मानेची खाच उतरवली, मापाला फक्त पत्र्याचा एक कापलेला तुकडा. मग फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली. घासून जी उष्णता होते तिनंच लाख वितळते आणि लाकडावर बसते. वरून केवड्याचं पान धरलं, तशी चकाकी आली. माझ्या दिव्याच्या मानेवर लाल-काळ्या लाखेच्या तीन रिंगा आहेत. त्यांच्या कडांवरून नख फिरवलं तर कुठे अडकत नाही. हातानं धरलेल्या हत्यारानं एवढं साधलं, हे लेथवर उभा राहिलेलाच जाणे.

रंग फारच पिवळा वाटला म्हणून विचारलं, तर म्हणाला, "फणसाचा लाकूड आसा. आता पिवळा दिसता, मागीर तांबूस जातला." खरंच, वर्षभरात खिडकीकडची बाजू मधासारखी झालीय.

आता तक्रार. एप्रिलमध्ये पुण्यातली हवा कोरडी झाली आणि बुडाला कडेपासून मध्याकडे चीर गेली. कडेला नख जाईल एवढी. लाकूड पुरतं वाळायच्या आत कातलेलं, दुसरं काय! लाकूड वाळताना खोडातल्या वर्तुळांच्या दिशेनं जास्त आकसतं, मध्याकडे कमी, आणि त्या ओढाताणीत फाटतं. त्यातून बुडाच्या मधोमध झाडाचा गाभा, म्हणजे खोडाचा अगदी मधला भाग आलेला. हे मला दुकानातच दिसायला हवं होतं, पण मी सपाटी बघत बसलो. फोन केला तर माणूस गोड बोलला, बदलून देतो म्हणाला, पण कुरिअर माझ्या खर्चानं. राहू दे म्हटलं. जुलैत चीर जवळजवळ मिटली.

वायरिंगला मात्र माफी नाही. वायर पातळ, बुडाशी नुसती गाठ मारलेली. नात ओढेल तर होल्डरमधून सुटून येईल. बदलायला काढली तर आत आणखी एक गंमत. वायरीचं भोक दोन्ही टोकांकडून पाडलेलं, आणि मध्ये दोन भोकं जुळलेली नाहीत, पायरी राहिलीय. वायर तिथेच घासत होती. गोल कानस घालून पायरी उडवली, जाड वायर ओढली, बुडाशी पकड बसवली.

शिवाय शेड घातली की दिवा डोक्याकडे जड होतो. माझ्या जुन्या वर्कशॉपमधून १०० मिलिमीटर व्यासाची, ८ मिलिमीटर जाडीची लोखंडी चकती आणून बुडात बसवली. जवळपास अर्धा किलो. आता धक्का लागला तरी डुलतो आणि उभा राहतो.

घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण बुडात गाभा नाही ना ते बघा, आणि लाकूड किती दिवस वाळवलंय ते विचारा. मी मुलीसाठी दुसरा सांगितलाय. म्हटलं, नुसतं लाकूड पाठवा, वायर मी घालतो.

"मगे पन्नास रुपये कमी करतंय," म्हणाला.