अ‍ॅक्रोपोलिस म्युझियम, अथेन्स: मी तर फक्त नायकीसाठी गेले होते

सगळी गर्दी वरच्या मजल्यावर पार्थेनॉन या प्राचीन देवळाची शिल्पं बघायला पळते, मी पहिल्या मजल्यावरच अडकले. पायात नायकी कंपनीचे बूट होते, म्हटलं त्या नावाच्या मूळ मालकिणीला, म्हणजे विजयाच्या ग्रीक देवीला भेटून घेऊ.

आधी उच्चार. आपण नायकी, नाइके काय वाट्टेल ते म्हणतो, तिकडे सरळ नीकी म्हणतात, आजही मुलींचं नाव ठेवतात ते. अर्थ विजय, बस. थेस्सलोनिकी शहराच्या नावातली निकी पण हीच. हिची आई स्टिक्स, म्हणजे पाताळातली ती नदी जिची देवसुद्धा शपथ घेतात. जुन्या पिढीच्या देवांशी, म्हणजे टायटनांशी लढाई जुंपली तेव्हा स्टिक्स सगळ्यांच्या आधी पोरांना घेऊन देवांचा राजा झ्यूस याच्याकडे आली, म्हणून त्याने नीकीसकट ती चौघं कायमची स्वतःजवळ ठेवून घेतली. बाकी तिघांच्या नावांचे अर्थ ईर्ष्या, ताकद आणि बळजबरी. काय घर आहे!

आता मी जिथे अडकले ते नीकीचं शिल्प. संगमरवराचं, जेमतेम मीटरभर उंच, इ.स.पू. ४१०च्या आसपासचं, अथीना नीकीच्या (म्हणजे विजयदेवीच्या रूपातल्या अथीना देवीच्या) देवळाच्या कठड्यावरचं. डोकं तुटलंय. पण एका पायावर तोल सांभाळत वाकून सँडलला हात घातलाय आणि कपड्याच्या चुण्या अशा की दगड ओला वाटतो. सँडल बांधतेय की काढतेय यावर अभ्यासकांचं एकमत नाही, मला विचाराल तर काढतेय, देवळात जाताना चप्पल बाहेर काढायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि बुटांच्या ब्रँडला हिचंच नाव, १९७१ पासून!

अजून एक गंमत. कठड्यावरच्या नीकींना पंख आहेत पण देवळातल्या मूर्तीला नव्हते म्हणे, का तर विजय अथेन्स सोडून उडून जाऊ नये. आमची आजी उभ्या लक्ष्मीचा फोटो घरात लावू देत नसे, बसलेलीच हवी, उभी असली की निघून जाते. सेम लॉजिक.

बाकी, काचेच्या जमिनीखाली जुनी वस्ती दिसते, मला जरा गरगरलं. दुसऱ्या मजल्यावरच्या रेस्टॉरंटच्या गच्चीतून अ‍ॅक्रोपोलिसची टेकडी समोर दिसते, तिथे बसाच. आमचा टूरवाला दीड तासात आटपा म्हणत होता, त्याचं ऐकू नका, स्वतःचे स्वतः जा, अक्रोपोली मेट्रो स्टेशन अगदी लागून आहे. ५ पैकी ५, आणि शिल्पाला वेगळे ५.