इंटर्नशिपच्या नावाखाली आमचे ७,४९९ रुपये गेले

मुलीची अकरावीची परीक्षा एप्रिलमध्ये संपली. सुट्टीत खऱ्या प्रयोगशाळेत काम करायचं, हा तिचा दहावीपासूनचा हट्ट. त्याच आठवड्यात क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात आली: पुण्याच्या एका नावाजलेल्या सरकारी प्रयोगशाळेत अकरावी-बारावीच्या मुलांना सहा आठवडे काम, महिना ८,००० रुपये विद्यावेतन.

फॉर्मचे ४९९ रुपये भरले. सोबत आधारची प्रतही मागितली होती, तीही दिली. दोन दिवसांनी फोनवर मुलाखत झाली. बाई फार आपुलकीनं बोलल्या, पेशीविभाजनावर तीन प्रश्न विचारले. पोरीनं पटापट उत्तरं दिली आणि घरभर नाचली. मला सगळ्यात जास्त हेच टोचतं. तिच्या अभ्यासाचाच त्यांनी गळ केला. मुलाखत झाली म्हणूनच आमचा विश्वास बसला.

मग गोल शिक्क्याचं निवडपत्र आलं, आणि मागोमाग ७,००० रुपये अनामत. संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला. यूपीआयवर नाव उमटलं ते कुणा माणसाचं, संस्थेचं नव्हे. मी ते वाचलं होतं. तरी पिन टाकला.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं साताऱ्याहून निघालो. गेटवरच्या रखवालदारानं पत्र पाहून आत फोन लावला आणि म्हणाला, "ताई, असं पत्र घेऊन आलेल्या तुम्ही या आठवड्यातल्या तिसऱ्या." मुलगी शेजारी उभी होती, नवा पांढरा एप्रन पिशवीत घेऊन.

तिथूनच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, घरी येऊन सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. पण पैसे भरून चार दिवस झाले होते, रक्कम पुढच्या खात्यांत गेली होती. पहिल्या काही तासांत कळवलं तर ती गोठवता येण्याची शक्यता बरीच असते. शंका आली की आधी तो नंबर फिरवा, घरात वाद नंतर घाला. आधारचे बायोमेट्रिक्सही आम्ही लॉक केले.

जे आधी शोधायला हवं होतं ते मग शोधलं. इस्रोचा 'युविका' हा विज्ञान कार्यक्रम नववीच्या मुलांसाठी असतो. निवड झालेल्यांच्या प्रवासाचा, राहण्या-जेवणाचा खर्च इस्रोच करते. केंद्राच्या इन्स्पायर योजनेत दहावीला वरचे गुण मिळवलेल्या अकरावी विज्ञानाच्या मुलांची शिबिरं होतात, त्यांना फी नसते. विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप कॉलेजात पदवी शिकणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे अकरावीच्या मुलीला विद्यावेतन देऊ करणारं आणि वर तिच्याकडूनच पैसे मागणारं ते पत्र पहिल्याच दिवशी संशयाचं होतं. संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर लावून एकदा विचारलं असतं, तरी पुरलं असतं.

आठवडाभर ती कुणाशी धड बोलली नाही. मग स्वतःच चिठ्ठी लिहून गावातल्या कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या सरांना भेटली. आता रोज सकाळी तिथं वाळवलेल्या नमुन्यांना लेबलं लावते. विद्यावेतन नाही. एप्रन तोच घालते.